लक्षद्वीपला जाताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, त्या भेटीची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत या बेटांविषयीची चौकशी थांबलेली नाही. एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतल्यास उत्तरे सविस्तर देता येतील, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे लक्षद्वीपसाठी ठेवले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे डिसेंबरमध्ये सहा दिवसांसाठी लक्षद्वीपला जाण्याचा विचार करीत आहोत. तेवढ्या दिवसांत जास्तीत जास्त बेटे कशी पाहता येतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बेटांची संख्या वाढवण्याचा विचार आपण सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लक्षद्वीपमध्ये एकूण ३६ बेटे धरली जातात, त्यांपैकी १० बेटांवर कायमची वस्ती आहे आणि सर्वांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारे ३२ चौरस किलोमीटरच भरते. एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यात कित्येक तास मोडतात. त्यातून समुद्र खवळला तर वेळापत्रक कोलमडते ते वेगळेच. सहा दिवसांत एक बेट नीट पाहावे, फार तर दोन.

पोहोचण्याचे मार्ग मुळात दोनच आहेत. कोचीहून अगत्तीला छोटे विमान जाते. तेथील धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची असल्यामुळे मोठी विमाने तेथे उतरू शकत नाहीत. गोव्याहून अगत्तीला जाणारी विमानसेवाही २०२४ मध्ये सुरू झाली. ती आपल्या तारखांना आहे किंवा नाही हे मात्र आधी पाहून घ्यावे. दुसरा मार्ग कोचीहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांचा. बेटाच्या अंतरानुसार या प्रवासाला साधारण १४ ते २० तास लागतात. पर्यटन विभागाच्या जहाज-सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे दिवसा दाखवतात आणि मुक्काम जहाजावरच असतो. सोय उत्तम आहे, परंतु दुपारी चारनंतर, ऊन उतरल्यावर जेव्हा मुले लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यात, उड्या मारू लागतात, होड्या परत येतात आणि गावातली माणसे बोलायला मोकळी होतात, नेमक्या त्याच वेळी आपल्याला जहाजाकडे परतावे लागते.

केवळ पाणी, वाळू आणि विसावा हवा असेल तर अगत्ती आणि त्याच्या जवळचे बंगारम पुरेसे आहे. पाण्याखालचे जग पाहण्याची आणि पोहण्याची हौस असेल तर कदमत निवडावे. निसर्ग, इतिहास आणि जेवण या तिन्हींची ओढ असलेल्या कुटुंबाला मी विचार न करता मिनिकॉयचे नाव सुचवीन. ते दक्षिणेला एकटे पडलेले, अर्धचंद्राकार, सुमारे १० किलोमीटर लांबीचे बेट आहे. उत्तरेकडील बेटांपासून त्याला नऊ अंशांची खाडी (अक्षांशावरून नाव पडलेला समुद्राचा पट्टा) वेगळे करते आणि आठ अंशांच्या खाडीपलीकडे मालदीव सुरू होतो. तेथील भाषा मालदीवच्या दिवेहीशी सख्खे नाते सांगणारी महल आहे आणि ती उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या थाना लिपीत लिहितात. उरलेल्या बेटांवर मल्याळमच्या जवळची जेसरी बोलली जाते, त्यामुळे मिनिकॉयला उतरल्यावर आपण त्याच केंद्रशासित प्रदेशात आहोत यावर क्षणभर विश्वास बसत नाही.

निसर्गाविषयी एक गोष्ट आधीच जाणून घेतली तर पाहण्याचा आनंद वाढतो. बहुतेक बेटांच्या पश्चिमेला प्रवाळभिंतीने अडवलेले उथळ, शांत, हिरवट-निळे पाणी असते, तेच लगून. आणि पूर्वेला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल समुद्र सुरू होतो. बेट अरुंद असल्यामुळे पहाटे पूर्वेच्या फेसाळत्या लाटांवर सूर्योदय पाहावा आणि संध्याकाळी माडांतून चालत पश्चिमेला येऊन स्थिर पाण्यावर सूर्यास्त पाहावा, एवढे ते सोपे आहे. या बेटांच्या खाली समुद्रात बुडालेली एक लांबलचक पर्वतरांग आहे. भूशास्त्रज्ञांच्या एका प्रचलित मतानुसार, भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट बाहेर पडला, त्याच स्रोतावरून भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे ही रांग उरली. सह्याद्रीचा कातळ आणि लक्षद्वीपचा पाया यांचे मूळ एकच असावे, हे नाशिकच्या वाचकाने तेथे जाताना अवश्य ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आपल्याच देशातील बेटांवर जाण्यासाठी परवानगी का घ्यावी लागते? – एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रवेश आणि वास्तव्य यांवर निर्बंध घालणारे नियम १९६७ पासून लागू आहेत आणि भारतीय नागरिकालाही प्रवेश-परवाना घ्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यांपैकी जवळजवळ ९५ टक्के लोक अनुसूचित जमातींत मोडतात. एवढ्या छोट्या समाजाच्या जमिनीचे आणि चालीरीतींचे संरक्षण हा या नियमांमागचा हेतू आहे आणि मला तो सर्वस्वी योग्य वाटतो.

त्याखेरीज पाण्याचे कारण आहे. प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही, धरण बांधायला जागा नाही. पावसाचे जे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते ते हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते आणि विहिरींना तेवढेच गोडे पाणी मिळते. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. कवरत्तीला २००५ मध्ये राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करणारा दररोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचे उबदार पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचे आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप करायची, अशी त्याची रीत आहे. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प झाले. तरीही येणाऱ्यांची संख्या हवी तेवढी वाढवता येईल असा याचा अर्थ होत नाही. परवान्याची कागदपत्रे आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावरील ताजे नियम पाहावेत. बंगारम वगळता या बेटांवर दारूबंदी आहे, हेही सोबतच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी इतिहासाची शिक्षिका आहे. लक्षद्वीपच्या इतिहासाविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तेथे ऐतिहासिक असे पाहण्यासारखे काय आहे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गडकोट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तेथे सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण या बेटांचा इतिहास दगडात फारसा उरलेला नाही. तो काथ्यात शोधावा लागतो. नारळाच्या सोडणापासून वळलेला काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, आणि शिडाच्या जहाजांच्या काळात दोरखंडाला मोठी मागणी असल्यामुळे या चिमुकल्या बेटांवर हक्क सांगायला एकामागून एक सत्ता आल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमिनी बेटावर आले ते याच काथ्यासाठी, आणि तेथील लोकांनी त्यांना विष घालून संपवले, अशी परंपरागत कथा आहे.

पुढे बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात राहिली. या मुस्लिम राजघराण्यात स्त्रियाही गादीवर बसत आणि त्यांना बीबी म्हणत. काथ्याच्या व्यापाराचा मक्ता राजसत्तेकडे होता. बेटवासीयांनी काथ्या द्यायचा आणि बदल्यात सत्ताधीश ठरवतील त्या दराने तांदूळ घ्यायचा. जेथे भात पिकत नाही तेथे हा व्यवहार किती जाचक झाला असेल, हे आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या जाचाला कंटाळून उत्तरेकडील अमिनी समूहातील बेटांनी टिपू सुलतानाकडे धाव घेतली आणि १७८७ मध्ये ती त्याच्या राज्यात गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणम पडल्यावर तीच बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली आणि दक्षिण कॅनरा जिल्ह्याला जोडली गेली. उरलेली बेटे अरक्कलकडेच होती. १८४७ च्या भीषण वादळाने त्यांची दैना केली, मदतकार्यासाठी कंपनीने दिलेले कर्ज आणि थकलेली खंडणी यांचा बोजा वाढत गेला, आणि अखेरीस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अरक्कल घराण्याने आपला हक्क पूर्णपणे सोडला. अमिनी समूहाची बेटे आणि दक्षिणेकडील बेटे यांच्या रीतीभातींत आजही जे थोडे अंतर जाणवते, त्याची पार्श्वभूमी या दोन वेगळ्या राजवटींत असावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ही बेटे एकत्र करून केंद्रशासित प्रदेश झाला, तरी १९६४ पर्यंत त्याचा कारभार कोळिकोडहून चालत असे. त्यानंतर मुख्यालय कवरत्तीला आले आणि १९७३ मध्ये लक्षद्वीप हे नाव मिळाले.

प्रत्यक्ष पाहायचे म्हटले तर कवरत्तीची उज्रा मशीद चुकवू नये. तिच्या लाकडी छताचे आणि खांबांचे कोरीवकाम इतके बारीक आहे की मान दुखेपर्यंत माणूस वर पाहत राहतो. ते लाकूड समुद्रातून वाहत आले होते, असे तेथे सांगतात. अंद्रोत बेटावरच्या जुम्मा मशिदीत संत उबैदुल्ला यांची कबर आहे. सातव्या शतकात त्यांनी येथे इस्लाम आणला, अशी श्रद्धा आहे. मिनिकॉयचे दीपगृह १८८५ चे. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाल्यावर एडन-कोलंबो मार्गावरची जहाजे या बेटाजवळून जाऊ लागली आणि रात्री प्रवाळभिंतीवर आपटण्याचा धोका वाढला, म्हणून ते उभारले गेले. वर चढण्यास परवानगी असेल त्या वेळी अवश्य चढावे, कारण तेथून संपूर्ण लगून आणि त्याची पांढरी कड एका नजरेत येते. मात्र या दीपगृहाइतकेच मिनिकॉयचे गाव पाहण्यासारखे आहे. प्रत्येक गावाचा पुरुष-प्रमुख वेगळा आणि स्त्री-प्रमुख वेगळी, गावाचे स्वतःचे सामाईक घर, शर्यतीची स्वतःची रंगवलेली लांब होडी आणि आईकडून चालणारी कुळाची परंपरा, असे सगळे आजही तेथे जिवंत आहे. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात, त्यामुळे घर आणि गाव चालवण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. फोटो काढण्यापूर्वी, विशेषतः स्त्रियांचा, विचारावे. आणि पोहण्याच्या पोशाखात गावातून फिरू नये.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, मासे खाण्यात कोणाला हार जाणार नाही. लक्षद्वीपला गेल्यावर काय खावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपले पत्र वाचून विशेष आनंद झाला, कारण लक्षद्वीपचे जेवण समजायला कोकणातल्या माणसाइतका योग्य वाचक दुसरा नाही. तेथील मुख्य मासा टुना, म्हणजे आपल्याकडचा कुपा. आपल्याकडे पापलेट, सुरमईपुढे कुप्याला फारसा मान नाही. तेथे मात्र संपूर्ण घरसंसार त्याच्यावर उभा आहे.

हा मासा पकडण्याची तेथील रीत आधी पाहावी आणि मग खावा. होडीतले लोक प्रथम लगूनमध्ये बारीक मासे पकडतात आणि होडीच्या तळाशी, जेथे समुद्राचे पाणी खेळते राहील अशा कप्प्यात ते जिवंत ठेवतात. खुल्या समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की हे बारीक मासे मूठमूठ फेकतात आणि त्याच वेळी पाण्यावर तुषार उडवतात. वर भक्ष्याची झुंबड उडाली आहे असे वाटून कुपे पृष्ठभागाशी येतात. मग होडीच्या मागच्या टोकाला ओळीने उभे राहिलेले लोक लांब काठीला बांधलेला, उलटा काटा नसलेला गळ टाकतात, मासा लागताच काठी हिसक्याने डोक्यावरून मागे नेतात आणि मासा गळातून आपोआप सुटून होडीत पडतो. माशाला हात लावायची गरज नाही, लगेच पुढचा गळ पाण्यात. कुप्यासाठी जाळे टाकत नसल्यामुळे नको असलेले मासे किंवा कासवे त्यात फारशी सापडत नाहीत.

कुप्याच्या लाल मांसाला उष्णता सोसत नाही. उन्हात पडून राहिला तर तो खाणाऱ्याला बाधतो. बर्फ नसलेल्या काळात यावर मिनिकॉयच्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे मास. मासा साफ करून त्याचे लांब तुकडे करतात, खारट पाण्यात उकडतात, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात आणि नंतर कडक उन्हात वाळवतात, आणि हे तोवर चालते जोवर तुकडा लाकडासारखा कठीण होऊन कित्येक महिने टिकण्याजोगा होत नाही. आपल्या सोड्यांना किंवा सुकटीला असतो तसा तिखट दर्प याला नसतो. धुराचा खमंग वास आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारी गोडसर चव, अशी त्याची ओळख सांगता येईल. कुटलेला मास, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवून गरम रोटीबरोबर किंवा भाताबरोबर खावा. माझ्या मते लक्षद्वीपमधील सर्वांत चांगले जेवण हेच आहे, आणि ते बहुधा पर्यटक-निवासाच्या भोजनसूचीत नसते, म्हणून आदल्या दिवशी सांगून करवून घ्यावे. मासा उकडलेले पाणीही फेकत नाहीत. ते तासन्‌तास आटवून त्याचा दाट, तपकिरी लगदा करतात आणि चमचाभर भातावर घेतात. पहिल्या घासाला तो उग्र लागतो, परंतु तो दुसऱ्यांदा मागून घेतल्याशिवाय ताटावरून उठू नये.

याशिवाय मसाल्यात परतलेला ऑक्टोपस मिळतो, केरळच्या वळणाची बिर्याणी मिळते, आणि माडाच्या गोड रसापासून केलेला गूळ व त्या गुळाचा हलवा मिळतो. बाकी पदार्थ घरी न्यायला जड पडतील, पण मासाचे दोन तुकडे आणि हलवा जरूर आणावा. एक सूचना मात्र मनापासून करतो. हेकरू, तांबोशी यांसारखे प्रवाळात राहणारे मासे कोणी मुद्दाम पकडून आणून देऊ लागले तर नको म्हणावे. कारण पुढे पुण्याच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात सांगितले आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. तेथे आमची उपासमार होईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होणार नाही. भात, डाळ, सांबार, पोळ्या आणि अंडी बहुतेक निवासांत मिळतात. भाज्या मात्र मुख्य भूमीवरून जहाजाने येतात, त्यामुळे जहाज लांबले की त्याच त्या भाज्या खाव्या लागतात. तेथे पिकणारे म्हणजे नारळ, केळी, शेवगा आणि नीरफणस. नीरफणसाचे काप आपल्याकडे कोकणात करतात तसेच तेथेही तळून मिळतात आणि ते चविष्ट असतात. आरक्षण करतानाच शाकाहारी असल्याचे कळवावे आणि सोबत थोडा कोरडा फराळ ठेवावा.

प्रश्न : प्रवाळ मरत आहेत असे वाचले. अशा वेळी पर्यटकांनी तेथे जाणे योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्राचे तापमान वाढल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले अति उष्णतेमुळे बाहेर टाकली जातात आणि रंग जातो. उष्णता लवकर ओसरली तर प्रवाळ सावरतो, लांबली तर मरतो. दोन आघातांमध्ये सावरायला पुरेशी वर्षे मिळेनाशी झाली आहेत, ही खरी चिंतेची बाब आहे. बंगारमच्या परिसरातील परळी नावाच्या बेटांपैकी एक तर धूप होऊन पाण्याखाली गेले.

ही बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर वर आहेत आणि त्यांना लाटांपासून वाचवणारी भिंत जिवंत प्रवाळाचीच आहे. प्रवाळावर वाढणारे शेवाळ खाऊन त्याला मोकळे ठेवणारे पोपटमासे आणि त्यांच्यासारखे इतर मासे कमी झाले तर मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवा धरत नाही. पोपटमासा प्रवाळाचा खडक कुरतडतो आणि त्याची विष्ठा पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी आपण एवढ्या दूर जातो तो किनारादेखील काही अंशी त्याचीच देणगी आहे. पिढ्यान्‌पिढ्या बेटवासीयांनी खुल्या समुद्रातला कुपा खाल्ला, त्यामुळे प्रवाळातल्या माशांवर भार पडला नाही. पर्यटकांच्या ताटासाठी आणि बाहेरच्या बाजारासाठी तो भार वाढू लागला तर ही जुनी घडी विस्कटेल. म्हणूनच रत्नागिरीच्या वाचकांना मी कुपाच खायला सांगितले.

तर जावे, असेच मी म्हणेन, परंतु भान ठेवून जावे. पाण्यात प्रवाळावर पाय देऊ नये, त्याला हात लावू नये. प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत घालून आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. उन्हापासून बचावासाठी अंगाला मलम फासून पाण्यात उतरण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालावा. प्लास्टिक बरोबर नेले तर ते परत आणावे, कारण चार-पाच चौरस किलोमीटरच्या बेटावर कचरा टाकायला दूर अशी जागाच नसते. आणि मुक्काम, होडी, वाटाड्या स्थानिकांचाच घ्यावा, म्हणजे आपण दिलेले पैसे बेटावर राहतात.

प्रश्न : माझे आईवडील सत्तरीचे आहेत. त्यांना नेता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नेता येईल, मात्र जहाजाऐवजी विमानाने आणि एकाच बेटावर. अनेक ठिकाणी प्रवाळभिंतीमुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. ते बाहेर उभे राहते आणि प्रवाशांना हलत्या होडीत उतरावे लागते. खलाशी दोन्ही हात धरून अतिशय काळजीने उतरवतात, तरी गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हे जड जाते. बंगारमला जायचे झाले तरी अगत्तीहून होडी आहेच, म्हणून त्यांच्यासाठी अगत्तीचाच मुक्काम बरा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवा आणि समुद्र या दोन्ही दृष्टींनी चांगला. गंभीर आजारात रुग्णाला मुख्य भूमीवर हलवावे लागते आणि त्याला हवामानानुसार वेळ लागू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त ठेवावीत आणि परतीच्या विमानाला जोडून कोचीहून पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये.